सलोमीआत्याचा गुडघा

मला सलोमीआत्या आवडत नव्हती. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या बायका आठवणी सांगायला लागल्या की मेलेली सगळी माणसं गोड होतात. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझ्यापुरती ती अजून गोड झालेली नाही. ती पप्पांची थोरली बहीण, नांदगावला दिलेली. नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिकडेच काविळीनं वारला, असं सांगत ती एक पत्र्याची पेटी, एक छत्री आणि लग्नाचा फोटो घेऊन आमच्या शरणपूरच्या घरी आली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आली ती राहिलीच. पप्पा हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. त्यांनी काढलेलं गोदाकाठाचं चित्र बैठकीच्या खोलीत होतं, ते काढून तिनं त्या खिळ्यावर आपला फोटो टांगला. फोटोतल्या आतोबांचे कान इतके बाहेर आलेले होते की मी त्यांना मनातल्या मनात कपबशी म्हणायचे. पप्पांचं चित्र माळ्यावर गेलं. पप्पा काही बोलले नाहीत, कारण बहीण विधवा होती, आणि विधवेला बोलणाऱ्याचं तोंड देव बघतो असं आत्यानंच त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि एक पपईचं झाड. देवळाची घंटा इतकी जवळ की ती वाजली की मांडणीतली भांडी किणकिणायची. आमच्यात चर्चला देऊळच म्हणत. आता नवी पिढी चर्च म्हणते, म्हणू दे. रविवारी पहाटेच आई मटण स्टोव्हवर चढवायची, आणि पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की बाकांवर बसलेल्या आळीतल्या तमाम बायकांचा जीव आपापल्या पातेल्यात जायचा. रोज दिवेलागणीला घरची प्रार्थना. ती झाल्याशिवाय ताट वाढायचं नाही, हा नियमही आत्यानंच आणलेला. ताटात बाजरीची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि भात. त्या वासापुढे डोळे मिटून बसायचं, आणि आत्या प्रार्थना करायची. तिची प्रार्थना ऐकली की आज दिवसभरात घरात कोणाचं काय चुकलं ते कळायचं. "प्रभू, ह्या घरातल्या सूनबाईला मीठ किती घालावं याची बुद्धी दे." आई डोळे मिटून ऐकायची. प्रार्थनेत उलटून बोलता येत नाही. माणूस देवाशी बोलत असतो, मध्ये तुम्ही कोण?

हे एकटी आत्याच करायची असं नाही. आमच्या आळीचं ते जुनं हत्यार होतं. दर बुधवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेका घरी प्रार्थनासभा भरायची. सतरंजीवर गोल करून बसायचं, दोन गीतं म्हणायची आणि मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. एरवी ज्या गोष्टी आळीत कुजबुजत बोलल्या जात, त्या तिथे डोळे मिटून ठणठणीत आवाजात बोलल्या जात. कोणाचा मुलगा पितो, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, कोणी नळाचं पाणी चोरतं, हे सगळं देवाच्या कानावर घातलं जायचं आणि देवाच्या आधी ते शेजारणीच्या कानात पोचायचं. शेवटी सगळे मिळून आमेन म्हणायचे. आमेन म्हटलं की ठराव मंजूर.

माझा निकाल अशाच एका बुधवारी लागला. मी बारावी झाले होते. मिरजेला नर्सिंगच्या कोर्सला माझी निवड झाली होती. पप्पांनी हिरवी ट्रंक आणून तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव रंगवलं होतं, सुवार्ता, अक्षरांना सावली देऊन. आमच्या घरातून शिकायला बाहेरगावी जाणारी मी पहिली मुलगी. जायला आठवडा राहिला होता आणि सभा आमच्याकडेच होती. आत्यानं प्रार्थना सुरू केली. मला वाटलं, प्रवासासाठी मागेल. "प्रभू, सुवार्ता परगावी चालली. पोरगी गोदावरीच्या पुलावर सायकलवाल्या पोरासंगं हसत उभी राहती, ते तू बघितलंस, आन मीबी बघितलं. पंचवटीतल्या भटजीचा पोरगा हाय. हितं आपल्या डोळ्यासमोर ही तऱ्हा, तर तिकडं काय होईल? तिला सांभाळ, बापा." आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. पप्पांनीसुद्धा. तोंडाला सवय असते.

तो मुलगा श्रीकांत. माझ्या वर्गातला. त्याच्याकडून मी फिजिक्सचं पुस्तक घेत होते. त्याच्यात आणि माझ्यात काही नाही, असं मी तेव्हा रडून रडून सांगितलं. आज सांगायला हरकत नाही, थोडंसं होतं. पण ते पुलाच्या एका टोकाला सुरू व्हायचं आणि दुसऱ्या टोकाला संपायचं. पप्पा ओरडले नाहीत. ते मंडळीचे पंच होते, आणि ज्या लोकांसमोर ते झालं त्याच लोकांत त्यांना रविवारी दानपात्र फिरवायचं होतं. सगळे गेल्यावर त्यांनी स्टूल घेतलं, हिरवी ट्रंक उचलली आणि माळ्यावर सरकवली, आपल्या गोदाकाठाच्या चित्राशेजारी. "मिरज नाही," एवढंच म्हणाले. आत्या भाताची मूद मोडत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, तू मर.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असायचं, म्हणजे वेदीशी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी आळीत माफीची फेरी. मनात वैर ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, म्हणून लोक घरोघरी जाऊन "काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा" म्हणायचे. गंमत अशी, की ज्यांच्याशी भांडण नसे त्यांच्याचकडे लोक आवर्जून जात आणि ज्यांच्याशी असे त्यांच्या दारावरून खोकत पुढे निघत. त्या शनिवारी मात्र आत्या घरातल्या घरात माझ्याकडे आली. मी तांदूळ निवडत होते.

"काय चुकलं-माकलं असंल तर माफ कर," ती म्हणाली.

"असेल तर म्हणजे?" मी म्हटलं. "आहे."

"मी देवाला सांगितलं. त्यात चूक काय?"

"देवाला सांगायचं होतं तर न्हाणीत जाऊन सांगायचं. सतरंजीवर कशाला सांगितलंस?"

"लय जीभ चालती तुजी," ती म्हणाली. "मी माफी मागितली. आता तुजं तू बघ."

दुसऱ्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून पुढच्या बाकावरून, विधवांच्या मानाच्या बाकावरून उठली आणि सर्वांत आधी वेदीशी गेली. मी बसून राहिले. आमच्या देवळात बाकामागून बाक उठायचा, आणि जो बसून राहतो त्याचे गुडघे ओलांडून बाकीच्यांना जावं लागतं, त्यामुळे कोण बसलंय हे आंधळ्यालाही कळतं. आळीतल्या दीक्षितांच्या मावशीनं माझे गुडघे ओलांडताना मुद्दाम उसासा टाकला. आई उठली होती. ती दोन पावलं गेली, वळली आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली. "जा ना," मी कुजबुजले. "तू बसणार तर मीही बसणार," आई म्हणाली. "मला एकटीला ती भाकर गिळवणार नाही." मला वाटलं एखाद्या महिन्याचं नाटक आहे. पण पुढचा महिना आला, त्याच्या पुढचा आला, आणि आई बसतच राहिली. माझ्या आईला प्रभुभोजन म्हणजे काय होतं हे मला माहीत होतं. मला टायफॉइड झाला होता तेव्हाही ती शेजारणीला माझ्या उशाशी बसवून मेजाशी जाऊन आली होती. आता आत्यावरच्या माझ्या रागापायी तिचा उपास चालला होता, आणि मला राग सोडता येत नव्हता. खरं सांगते, सोडायचाही नव्हता. माझ्याजवळ मिरज नव्हतं, ट्रंक नव्हती; राग तेवढा माझा स्वतःचा होता.

शेवटी पाळकसाहेबांनी मला बोलावलं. ते सुरगाण्याकडचे, बुटके, चहा बशीत ओतून पिणारे. मला वाटलं वचनं ऐकवतील. त्यांनी विचारलं, "तिच्यासाठी प्रार्थना करतेस का?"

"करते. तिला सुबुद्धी दे म्हणून."

"ती प्रार्थना नाही पोरी, तो दगड झाला," ते म्हणाले. "आमच्या डोंगरात पोरं आंब्याला मारतात तसा. असं कर. रोज जेवणाआधी मनात तिचं नाव घे आणि गप्प बस. पुढे काही मागू नको. मन मऊ होण्याची वाट बघू नको, ते आपल्या वेळेनं होईल नाहीतर नाही होणार. नाव घ्यायचं थांबायचं नाही, एवढंच."

"आणि मग?"

"मग जमायला लागलं, की तिला खरोखर काय लागतंय ते बघ आणि तेवढंच माग. तुला तिच्यात काय बदल हवाय ते नव्हे. तिला काय लागतंय ते."

मी बाहेर पडताना मनात त्यांनाही एक दगड मारला. पण आईकडे बघून सुरुवात केली. पहिल्या दिवसांत "सलोमीआत्या" हा शब्द मी मनातल्या मनात थुंकायचे. नंतर नंतर नुसता म्हणायचे, पाढे म्हणावेत तसा. प्रेम वगैरे काही उगवलं नाही. पण रोज नाव घेऊन गप्प बसायचं म्हटलं की ते माणूस डोळ्यांपुढे येतं, आणि मग काही गोष्टी नको असताना दिसायला लागतात. आत्या ओट्याची पायरी चढताना कायम डावा पाय आधी टाकते आणि उजवा मागून ओढून घेते, हे मला तेव्हा दिसलं. सतरंजीवरून उठताना ती गीत संपायच्या आधीच भिंत धरते, कोणाला कळू नये म्हणून. ते दिसल्यावर मी चरफडले. मला तिचा गुडघा बघायचा नव्हता. पण पाळकसाहेबांनी सांगितलं होतं म्हणून नावापुढे गुडघा जोडला. सलोमीआत्या, गुडघा. आमेन. एवढीच माझी प्रार्थना. तिला जेमतेम भाकरी मोडण्याइतका वेळ लागायचा.

नाताळ होऊन गेल्यावरची गोष्ट. आत्या दर गुरुवारी देवळाली कॅम्पात जायची, तिथल्या दवाखान्यात रोग्यांसाठी प्रार्थना करायला. आई तिला एक डबा भरून द्यायची, एखाद्या गरीब रोग्यासाठी म्हणून. आळीत या सेवेचा फार गवगवा होता. एका गुरुवारी आईनं मला कॅम्पात तिच्या बहिणीकडे, माझ्या मावशीकडे, उरलेल्या करंज्या पोचवायला पाठवलं. मावशीचे यजमान फौजेत होते. परत येताना बस चुकू नये म्हणून मी बाजारामागच्या गल्लीतून निघाले. तिथे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, आणि एका उंबऱ्यावर आमची सलोमीआत्या बसली होती. तिच्या मांडीवर एका म्हाताऱ्याचं पाऊल होतं, आणि ती ब्लेडनं त्याची नखं काढत होती. "हलू नका ना हो," ती ओरडली. म्हाताऱ्यानं मान वर केली. ते कान मी रोज भिंतीवर बघत होते.

मी पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. आमचा डबा शेजारी उघडा पडला होता, आईच्या हातचं सुकं मटण अर्धं संपलेलं. आतून एक बाई आली, कपाळाला ठसठशीत कुंकू, आत्याहून बरीच तरुण. म्हणाली, "ताई, चहा ठेवू?" आत्या वर न बघता म्हणाली, "ठेव. यांना साखर कमी घाल." एवढंच. म्हणजे आतोबा सुरतेला मेले नव्हते. ते या बाईबरोबर राहत होते, आता अंथरुणाला खिळायला आले होते, आणि त्यांनी टाकलेली बायको दर आठवड्याला येऊन त्यांची नखं काढत होती, त्या बाईच्या हातचा चहा पीत होती, आणि आळीत विधवा म्हणून पुढच्या बाकावर बसत होती.

इथे मला दया आली असं लिहायला हवं. आली नाही. आनंद झाला. इतका आनंद मला मिरजेचं बोलावणं आलं तेव्हाही झाला नव्हता. पुढच्या बुधवारी सभा आमच्या घरी होती, आणि ज्याचं घर त्यातल्या एकानं प्रार्थनेला सुरुवात करायची असा रिवाज. मी आईला सांगितलं, या वेळी मी करते. आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, पोरगी वळणावर आली. मी सहा दिवस वाक्य घासत होते. प्रभू, देवळाली कॅम्पात दर गुरुवारी एक बहीण आपल्या जिवंत नवऱ्याला भेटते. एवढंच. सभ्य, भक्तिभावाचं वाक्य. पुढचं काम आमेन करणार होतं.

बुधवारी सतरंजी भरली. गीतं झाली. पप्पा, आई, पाळकसाहेब, दीक्षितांची मावशी, सगळ्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "प्रभू, देवळाली कॅम्पात दर गुरुवारी..." आणि मी डोळे उघडले. मला तिचं तोंड बघायचं होतं. आत्याचेही डोळे उघडे होते. त्या भरल्या खोलीत आम्हा दोघींचेच. तिला एका क्षणात कळलं होतं. ती गयावया करत नव्हती, रागावलीही नव्हती. मार खायला सरावलेलं माणूस जसं थांबतं तशी थांबली होती, आणि तिचा एक हात आपसूक उजव्या गुडघ्यावर गेला होता. माझी जीभ तयार होती. पण त्या जिभेला महिनोन् महिने या नावापुढे एकच शब्द लावायची सवय लागली होती, आणि ती सवय माझ्याआधी बोलली. "दर गुरुवारी सलोमीआत्या जाते, तेव्हा बसची पायरी फार उंच पडते. तिचा गुडघा सांभाळ. आमेन."

आमेन सगळे म्हणाले. आत्या म्हणाली नाही. सभा संपली, लोक गेले, आईनं ताटं घेतली. मी स्वतःवरच चिडले होते, हातची बाजी गेली म्हणून. आत्या भिंत धरून उठली, माझ्याजवळून जाताना म्हणाली, "भात गार झाला." दुसरं काही नाही.

त्यानंतरच्या बुधवारी सभा दीक्षितांकडे होती. आत्यानं प्रार्थनेसाठी तोंड उघडलं तसे सगळे सावरून बसले, आज कोणाची पाळी म्हणून. "बापा," ती म्हणाली, "माझा नवरा जिता हाय. कॅम्पात दुसरीच्या घरी हाय. मला टाकलं, त्याची लाज वाटली म्हून मी त्याला सुरतंला मारला. तो आजारी हाय, त्याला बरं कर. ती बाई त्याचं लय करती, तिलाबी बघ. आन सुवार्तेचं मी जे बोलले ते तुझ्यापाशी नव्हतं, बापा. ते ह्या लोकांपाशी होतं. पोरीत काय वाईट नाय. तिला मिरजेला जाऊ दे." मग कोणी आमेन म्हणेना. दीक्षितांची मावशी तोंड उघडं टाकून बसली होती. शेवटी पप्पांचा आवाज आला, घोगरा, "आमेन." घरी आल्यावर त्यांनी स्टूल घेतलं आणि ट्रंक खाली काढली. नावावर धूळ बसली होती, ती त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसली.

रविवारी आत्या पुढच्या बाकावर गेली नाही. तो मान आता तिचा नव्हता, आणि तिथल्या बायकांनी आधीच पिशव्या ठेवून जागा अडवली होती. ती आमच्या बाकावर, माझ्या आणि भिंतीच्या मध्ये बसली. प्रभुभोजनाला आमचा बाक उठला. मी उठले. आई माझ्याकडे बघत उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं. आत्या बसून राहिली. "तुमी जा," ती म्हणाली. मला तिचे गुडघे ओलांडावे लागणार होते असं नाही. बाहेरची वाट दुसऱ्या बाजूनं होती. मला सरळ जाता आलं असतं. मी थांबले.

"चल," मी म्हटलं.

"गुडघा दुखतोय."

"ठाऊक आहे. हात दे."

तिनं हात दिला. इतका घट्ट धरला की तिच्या लग्नाच्या अंगठीचा वळ माझ्या बोटावर उठला. ती अंगठी तिनं विधवा म्हणवून घेतानाही काढली नव्हती, आणि हे इतक्या वर्षांत आळीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. वेदीच्या पायरीशी तिनं डावा पाय आधी टाकला. मी थांबले. मग उजवा. "लय तोरा नको दाखवू," ती माझ्या कानाशी पुटपुटली, आणि आम्ही गुडघे टेकले, ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून.

पुन्हा अर्ज करून मी मिरजेला गेले, नर्स झाले, पुष्कळ गुडघे बघितले. आत्याशी माझं शेवटपर्यंत पटलं नाही. सुट्टीला आले की ती माझ्या केसांवर बोलायची, मी तिच्या मिठावर. मैत्रिणी झालो नाही, मायलेकी तर नाहीच. पण जेवणाआधी तिचं नाव घ्यायचं मी कधी थांबवलं नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना आमच्यात करत नाहीत. माझी लेक त्यावरून माझ्याशी वाद घालते. म्हणते, "आई, त्या तिकडे आहेत, त्यांना आता गुडघा तरी आहे का?" मला माहीत नाही. मी डोळे मिटते, सलोमीआत्या म्हणते, गुडघा म्हणते आणि गप्प बसते. लेक ताटावर बसून माझ्या आमेनची वाट बघते. भात गार होतो. होऊ दे.